काळ्या मातीतली रोजची सायकल : टायर, चेन आणि छऱ्यांचा वर्षभराचा अनुभव

परभणीकडं सायकल घ्यायला गेलं की दुकानदार आधी गिअर दाखवतो, मग डिस्कब्रेक, मग रंग. रोज वापरायची सायकल असेल तर त्याला म्हणावं, आधी टायर दाखवा, ट्यूबचा वॉल्व्ह कोणता ते दाखवा, आणि हे दोन्ही जिंतुरात-सेलूत मिळतं का ते सांगा. वर्षभर वापरून माझं मत इथंच पक्कं झालंय. आपल्याकडं सायकल दारात पडून राहते ती काट्यामुळं, चिखलामुळं आणि तालुक्याला न मिळणाऱ्या पार्टमुळं.

माझी सायकल २६ इंची, बिनगिअरची, अ‍ॅल्युमिनियमची रिम, व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबरी गुटके दाबणारा). घरून जिंतूर रस्त्यावरच्या शाळेत आणि परत, मिळून सोळा किलोमीटर, त्यात शेवटचा तुकडा पांदीचा. टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) आणि ब्रेकचे गुटके एव्हाना बदलून झालेत. बाकी सायकल कंपनीची आहे तशीच आहे.

टायरबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटा वाळतो. उन्हाळ्यात बांधाला कुंपण करायला बाभळीच्या फांद्या ओढत नेतात, तेव्हा वाटभर काटे सांडतात. वेडी बाभूळ तर बारमाही आहे. मोठमोठ्या गुट्ट्यांचा, म्हणजे वर आलेल्या रबरी ठोकळ्यांचा टायर दिसायला दणकट असतो, पण दोन गुट्ट्यांच्या मधल्या जागेत रबर पातळ असतं आणि काटा नेमका तिथून घुसतो. डांबरावर तो घरघरतो आणि जडही जातो. मी मधोमध सलग पट्टा असलेला, बारीक नक्षीचा २६ × १.९५ घेतला. पंक्चर बंद झालं असं नाही, पण आधी दर आठवड्याला एखादं ठरलेलं होतं, आता महिना-महिना निघतो.

टायर आणताना बाजूवर छापलेला आकडा बघा. २६ × १.९५ वर ५०-५५९ असं काहीतरी असतं, २६ × १ ३/८ वर ३७-५९०. दोन्हींना दुकानात 'सव्वीस'च म्हणतात, पण ५५९ आणि ५९० हा रिमवर टायर बसतो त्या घेराचा मिलिमीटरमधला व्यास आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. गावाकडून कुणाला टायर आणायला सांगाल तर हा आकडा चिठ्ठीवर लिहूनच द्या.

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा पंक्चर व्हायला लागलं तर दोष ट्यूबचा नसतो. आमच्या चौकातले चाचा मला म्हणाले, "सर, ट्यूबला काय झालं नाही. टोक टायरातच बसलंय, म्हणून हवा उतरायली." बाभळीचा काटा आत मोडतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. चाचांनी टायर पूर्ण काढला, सरकीचा कापूस बोटभर घेतला आणि टायरच्या आतल्या अंगानं हळूहळू फिरवत नेला. एका जागी कापसाचे दोन धागे अडकले. तिथं टायर दुमडून धरला तेव्हा तांदळाच्या कणीपेक्षा लहान, तपकिरी टोक वर आलं. चिमट्यानं ओढलं. मग पंक्चर काढलं. तेव्हापासून टायर खोलताना मी वॉल्व्हच्या समोर टायरवर खडूची खूण करतो. ट्यूबचं भोक सापडलं की टायरात कुठं शोधायचं ते लगेच कळतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर काट्याला शोधू नका. तिथं आऱ्याचं टोक वर आलेलं असतं किंवा रिमची पट्टी सरकलेली असते. दोन समांतर चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली.

जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत पट्टीसारखी घालायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. मी मागच्या चाकात तशी घातली आहे. चाक थोडं जड होतं, पण सराट्याला चांगला अटकाव होतो. बाभळीच्या लांब काट्याला नाही. ट्यूबमध्ये ओतायचं पांढरं सीलंटही वापरलं. पहिले दोन महिने फार छान. मग उन्हाळा लागला, पारा ४२-४३ ला गेला आणि ते आतल्या आत वाळून गेलं. शिवाय त्या ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, पंक्चरवाले वैतागतात. दर काही महिन्यांनी नव्यानं भरायची तयारी असेल तरच घ्या.

वॉल्व्ह हा लहान भाग, पण फरक मोठा पडला. जुन्या सायकलींना रबरी नळीचा वॉल्व्ह असतो. उन्हात ती नळी चिकट होते, फाटते आणि सकाळी चाक बसलेलं असतं. मी मोटारसायकलच्या वॉल्व्हच्या ट्यूबा घातल्या. रिमचं भोक तेच चालतं, ड्रिल मारावं लागत नाही. आता कुठल्याही पंक्चरच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर हवा भरता येते, गेजवर दाबही बघता येतो. मी ४५ पीएसआय ठेवतो. तुमच्या टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांच्या आत राहा. पंपावर हवा थोडी-थोडीच सोडायला सांगा, सायकलची ट्यूब लहान असते, क्षणात फुगते.

काळ्या मातीचं दुखणं वेगळं. मृगाचा पाऊस पडला की पांदीतली माती चाकाला गोळा होते, मडगार्डात भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीनं काढत बसावं लागतं. मडगार्डाच्या तारा सैल करून मी तो दोन बोटं वर घेतला, तेवढ्यानं बराच फरक पडला. पायांवर चार शिंतोडे येतात, येऊ द्या.

चेनला जळकं ऑइल लावू नका, हे कळकळीनं सांगतो. फुकट मिळतं म्हणून सगळे लावतात. त्यावर धूळ बसते आणि त्या काळ्या लगद्यानं चेन आतून घासली जाते. मी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं चेन पुसतो, शिलाई मशीनचं तेल प्रत्येक पिनेवर एकेक थेंब सोडतो आणि वरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून घेतो. तेल आत पाहिजे, बाहेर नको. पातळ तेल पावसात लवकर धुऊन जातं, म्हणून पावसाळ्यात हेच काम आठवड्यातून दोनदा.

चेन किती झिजली ते स्टीलच्या पट्टीनं कळतं. चेनच्या दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. चोविसावी कडी संपते तिथली पिन १२ इंचांच्या पुढं १/१६ गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि नवी चेन त्यावर घसरते. माझ्या बाबतीत तेच झालं होतं, म्हणून दोन्ही एकदम बदललं. तेव्हा १८ दातांऐवजी २० चं फ्रीव्हील बसवलं. पायडलपाशी पुढच्या चक्राला ४४ दात आहेत. १८ वर पायडलच्या एका फेरीत पाच मीटर जायचो, आता साडेचार. आषाढातला पश्चिमेचा वारा तोंडावर असतो तेव्हा हा अर्धा मीटर पायांना कळतो. सपाट मुलुखात मला यापुढं गिअर लागले नाहीत.

ब्रेकच्या गुटक्यांना खाचा असतात. त्या बुजल्या की बदला. पावसाळ्यात गुटक्यात बारीक खडे रुततात आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम खरवडतात, ते सुईनं काढत जा. स्टीलची चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. शाळेतल्या पोरींच्या सायकली बहुतेक तशाच असतात, त्यांना पावसात दुपटीनं आधी ब्रेक दाबायला मी सांगत असतो.

ओव्हरऑइलिंग, म्हणजे सायकल खोलून साफ करून पुन्हा तेल-ग्रीस करणं, वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत. पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) ३/१६ इंचाचे छर्रे लागतात, मागच्याला १/४ चे. जुने-नवे मिसळू नका, पूर्ण संच बदला, आणि कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या तुकड्यावर) खड्डे पडले असतील तर कोनही. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावण्याआधी हे लक्षात ठेवा.

मागचा टायर आता गुळगुळीत झालाय, मागचा नेहमीच आधी जातो. नवा आणला की तो पुढं बसवणार आणि पुढचा मागं टाकणार. मागचं चाक घसरलं तर पाय टेकवून सावरता येतं. ओल्या काळ्या मातीवर पुढचं घसरलं की माणूस खाली येतो.