टॅप घ्यावा, की स्विचचं मिररिंग पुरे?

पोर्टवरचे दिवे लुकलुकतात, पिंगला (समोरचं यंत्र जागं आहे का ते विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर येतं, तरी मधेच डेटा गायब होतो. अशा वेळी तारेतून नक्की काय जातंय ते बघावंच लागतं. त्याचे दोन रस्ते आहेत: नेटवर्कच्या स्विचवर पोर्ट मिररिंग लावायचं, म्हणजे एका पोर्टवरच्या डेटाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घ्यायची, नाहीतर तारेच्या मधोमध हार्डवेअर टॅप, म्हणजे जाणारा-येणारा डेटा ऐकवणारी डबी, बसवायचा. धुळे-जळगाव पट्ट्यात जिनिंग, दालमिल, पाइपचे कारखाने सांभाळणारी पोरं मला विचारतात, टॅप घेऊ का? मी त्यांना आधी प्रश्न ओळखायला सांगतो. ‘नेट कोण खातंय’ एवढंच हवं असेल तर मिररिंग पुरे. ‘फ्रेम (तारेवरून जाणारा डेटाचा एक तुकडा) धड पोचली का’ हे हवं असेल तर टॅप लागतो.

मिररिंगची सोय मोठी आहे. मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते असा) असेल तर खर्च शून्य. नसेल तर टीपी-लिंकचा टीएल-एसजी105ई सारखा पाच पोर्टचा छोटा स्विचही हे काम करतो. स्विच आधीच जागेवर असेल तर चालू लाइनला हात लावावा लागत नाही. सेटिंगमध्ये दोन पोर्ट निवडले, लॅपटॉपवर वायरशार्क (पॅकेट उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडला, झालं. ऑफिसातला एखादा संगणक रात्रभर काय अपलोड करतो, कॅमेरे किती बँडविड्थ ओढतात, आयपी पत्ते कुठे एकमेकांवर आदळतात, हे सगळं यातून कळतं.

पण मिररिंग म्हणजे स्विचने दिलेली नक्कल, आणि स्विचचं पहिलं काम नक्कल देणं नाही. गिगाबिट लाइनवर जाताना 600 आणि येताना 600 एमबीपीएस चाललं असेल तर एकूण 1200 होतात. मिररच्या पोर्टातून 1000 च बाहेर पडू शकतात. उरलेले गळतात आणि लॅपटॉपवर त्याची सूचनाही येत नाही. दुसरी अडचण याहून मोठी. खराब फ्रेम स्विच दारातच टाकून देतो, त्यामुळे ती मिररमध्ये येतच नाही.

हे मला पारोळ्याकडच्या एका जिनिंगवर नीट उमगलं. हंगामात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि काट्यावरचा माणूस म्हणतोय, “पंखा फिरस, वजन येस नही भाऊ.” काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर सिरीयल तारेचा, त्याचा डेटा इथरनेटवर आणायला कन्व्हर्टर, आणि तिथून ऑफिसच्या स्विचपर्यंत केबल. मिररिंगमध्ये दिसलं ते इतकंच: मधे खंड, मग तेच पॅकेट पुन्हा. कन्व्हर्टरने पाठवलंच नाही, की वाटेत खराब झालं? स्विचच्या काउंटरवर खराब फ्रेमचा आकडा वाढलेला होता, पण कधी वाढला ते कळेना. मग स्विचजवळ पॅसिव्ह (विजेविना चालणारा) टॅप घातला, लिनक्सवर एथटूल या कमांडने लॅनकार्डाला खराब फ्रेमही वर द्यायला सांगितलं (हे सगळ्या कार्डांना जमत नाही), आणि बसून राहिलो. प्रेसची मोटर सुरू झाली की त्याच सेकंदाला खराब फ्रेमचा झुबका. केबल मोटरच्या वायरीसोबत एकाच पाइपातून ओढलेली होती. ती वेगळी काढली आणि रांग हलली.

तिथे पॅसिव्ह टॅप चालला, कारण कन्व्हर्टर 100 एमबीपीएसचा. त्या वेगाला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. एकीवरून जातं, दुसरीवरून येतं. टॅप फक्त त्या जोड्यांना फाटा देतो. वीज लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला लाइनवर काही पाठवता येत नाही. मात्र दोन दिशा दोन वेगळ्या पोर्टांवर येतात. लॅनकार्ड एकच असेल तर फोनवर एकाच माणसाचं बोलणं ऐकल्यासारखं होतं, म्हणून सोबत यूएसबी-लॅन अडॅप्टर ठेवा.

गिगाबिटवर ही युक्ती चालत नाही. चारही जोड्यांवर दोन्ही दिशांचा सिग्नल एकाच वेळी धावतो, फाटा देऊन तो वेगळा करता येत नाही. ‘थ्रोइंग स्टार’ सारखा पॅसिव्ह टॅप तर लाइनच 100 वर उतरवतो. टॅलीच्या सर्व्हरच्या लाइनवर तो घातलात तर सगळं ऑफिस तुमच्या नावाने ओरडेल. तिथे अ‍ॅक्टिव्ह टॅप हवा, आणि तो वीज खातो. दोन शेडमध्ये फायबर असेल तर मात्र काम सोपं: विजेविना चालणारा स्प्लिटर मिळतो, फक्त 50-50 वाटणीत सुमारे 3 डीबी, म्हणजे निम्मा प्रकाश जातो, तेवढी गुंजाइश आधी मोजायची.

आपल्याकडे विजेचा आणि उन्हाचा विचार आधी करावा लागतो. त्या छोट्या स्विचचं रेटिंग 40 अंशांपर्यंत असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावात सावलीतच 44-45, पत्र्याच्या शेडखाली विचारूच नका. पॅसिव्ह टॅपला त्याचं फार सोयरसुतक नाही. मिररिंगसाठी घेतलेला जादा स्विच आणि अ‍ॅक्टिव्ह टॅप, दोघांना मात्र आहे.

टॅप घालायला लाइन तोडावी लागते, म्हणून मालकाची परवानगी लेखी घ्या. दुसऱ्याच्या नेटवर्कमधला डेटा विनापरवानगी काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 खाली येतं.

अ‍ॅक्टिव्ह टॅप घेताना बायपास रिले आहे का, हे विचारा. रिले असेल तर वीज गेल्यावर दोन्ही टोकं थेट जुळतात, तरी लिंक पुन्हा ठरायला काही सेकंद जातात. रिले नसेल तर लाइन मेली. कारखान्यात बसवण्याआधी टेबलावर दोन लॅपटॉप जोडा, पिंग चालू ठेवा, टॅपच्या अडॅप्टरची पिन उपसा आणि किती उत्तरं गळतात ते मोजा. तो आकडा मालकाला बसवण्याआधी सांगा.