इनहेलरमधील औषधांच्या मापनासाठी एचपीएलसी पद्धत: मकरपुऱ्यातील एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

लॅक्टोजमध्ये मिसळलेले फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅम आणि ब्युडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम असलेल्या श्वसन-कॅप्सूलसाठी एचपीएलसी (द्रावणातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र) पद्धत तयार करून घेण्याचे काम आमच्या लहानशा कंपनीने बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतील एका खासगी प्रयोगशाळेकडे दिले होते. पुढे तक्रारही करायची असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. या व्यवसायातील माणसे ओळखायची ती ओळखतीलच.

या दोन औषधांच्या मात्रांत तेहतीस पटींहून अधिक अंतर आहे. शिवाय फॉर्मोटेरॉल आम्लारिधर्मी असल्याने सिलिकाच्या सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीवर) त्याचा पीक, म्हणजे आलेखावरील उंचवटा, शेपूट सोडतो, तर ब्युडेसोनाइड हे मुळातच २२आर आणि २२एस या दोन एपिमरांचे (रचनेत एकाच ठिकाणी फरक असलेल्या रूपांचे) मिश्रण असल्याने त्याचे दोन पीक एकमेकांना चिकटून येतात. प्रयोगशाळेने पीएच ३ च्या आसपासचा फॉस्फेट बफर आणि ॲसिटोनायट्राइल यांचा ग्रेडियंट (रन चालू असताना प्रमाण बदलत जाणारे मिश्रण) वापरून दोन्ही अडचणी एकाच रनमध्ये सोडवल्या, आणि फॉर्मोटेरॉल २१४ नॅनोमीटरवर व ब्युडेसोनाइड २४५ वर वाचले. इतक्या कमी तरंगलांबीवर ॲसिटेट किंवा फॉर्मेट बफरमुळे बेसलाइन (आलेखाची पायारेषा) वर गेली असती, म्हणून फॉस्फेटची निवड मला रास्त वाटली.

मला सर्वांत आवडले ते डायल्युएंटवरचे, म्हणजे नमुना विरघळवण्याच्या द्रवावरचे, काम. लॅक्टोज पाण्यात विरघळते, पण ॲसिटोनायट्राइल वाढले की अवक्षेपित होते. ब्युडेसोनाइडचे वागणे याच्या जवळजवळ उलट आहे. अनेक ठिकाणी मोबाइल फेजच (कॉलममधून वाहणारा द्रवच) डायल्युएंट म्हणून वापरून मोकळे होतात आणि मग फिल्टर का तुंबतो याचा शोध घेत बसतात. येथे पाणी व ॲसिटोनायट्राइलची निरनिराळी प्रमाणे तपासून, दोन्ही औषधे पूर्ण विरघळतील आणि लॅक्टोजही द्रावणात राहील असा टप्पा शोधला होता, आणि त्याची सर्व आकडेवारी अहवालात जोडली होती.

इनहेलरच्या पद्धतीची खरी परीक्षा कास्केड इम्पॅक्टरवर (औषधाचे कण आकारानुसार टप्प्याटप्प्याने वेगळे करणाऱ्या उपकरणावर) होते. याच प्रकारच्या नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टरच्या सात टप्प्यांवर कॅप्सूलमधले ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल विभागले गेले, की खालच्या टप्प्यांतील द्रावणांत मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅमच उरतात. पुष्कळ कॅप्सूल एकत्र करून ही अडचण झाकता येते, परंतु त्यांनी तसे न करता संवेदनशीलता वाढवली. कणांची उसळी रोखण्यासाठी टप्प्यांवरील कपांना दिलेल्या लेपाचा स्वतंत्र ब्लँक (औषधाविना चाचणी) चालवून त्याचा पीक औषधाच्या जागी येत नाही हेही दाखवले. हवेचा प्रवाह इनहेलरवर ४ किलोपास्कल दाबफरक येईल असा ठेवून आणि ४ लिटर हवा ओढून घेतलेल्या चाचण्यांमध्ये एकूण औषध ८५ ते ११५ टक्के या मर्यादेत भरले.

तक्रार पद्धत हस्तांतरणाची, म्हणजे ती त्यांच्या यंत्रावरून आमच्या यंत्रावर आणण्याची, आहे. आमचे यंत्र जुने असून त्याचे ड्वेल व्हॉल्यूम (द्रव मिसळण्याच्या जागेपासून कॉलमपर्यंतचे आकारमान) मोठे आहे, त्यामुळे ग्रेडियंट उशिरा पोहोचून ब्युडेसोनाइडचा दुसरा पीक रन संपण्याच्या वेळेला जाऊन भिडला. त्यांच्या यंत्राचे ड्वेल व्हॉल्यूम प्रोटोकॉलमध्ये नमूदच नव्हते, आणि विचारणा केल्यावर ‘तुम्हीच जुळवून घ्या’ असे उत्तर मिळाले. मजबुतीच्या चाचण्यांत (छोट्या बदलांतही पद्धत टिकते का हे पाहताना) पीएच आणि तापमान बदलून पाहिले होते, पण कॉलमचा दुसरा लॉट (वेगळा उत्पादन-गट) मात्र तपासला नव्हता. त्यांच्या दरात हे अंतर्भूत असावे, असे माझे मत आहे.

काम देताना ड्वेल व्हॉल्यूमची नोंद, किमान दोन लॉटच्या कॉलमवरील चाचणी आणि आपल्या यंत्रावर एक पूर्ण रन या तीन अटी करारातच लिहून घ्याव्यात. तिसऱ्या अटीसाठी ते वेगळे पैसे मागतात, तरीही ती सोडू नये.