जुळ्या हलच्या वेगवान नौकांसाठी रोधगणनेचे सॉफ्टवेअर : एक परीक्षण

ठरावीक वेगाला प्लेनिंग नौकेला (वेगात वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत जाणाऱ्या नौकेला) किती शक्ती लागेल, याचा प्राथमिक अंदाज देणाऱ्या एका व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कॅटामरानसाठी (दोन समांतर हल, म्हणजे नौकेची दोन अंगे, जोडून बनलेल्या नौकेसाठी) स्वतंत्र विभाग आला आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या विभागाचे आहे, कारण एका हलच्या नौकांसाठी हे सॉफ्टवेअर पूर्वीपासूनच भरवशाचे आहे.

गणनेचा पाया डॅनियल सावित्स्की यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत हा आहे. नौकेचे वजन, गुरुत्वमध्याचे स्थान, रुंदी आणि डेडराइज कोन (तळाच्या ‘व्ही’ आकाराच्या बाजूचा आडव्या पातळीशी होणारा कोन) भरला, की प्रत्येक वेगाला नौका कोणत्या ट्रिमवर (नाक वर उचलले जाण्याच्या कोनावर) स्थिरावेल हे सॉफ्टवेअर शोधते आणि त्यावरून रोध, म्हणजे नौकेच्या गतीला होणारा विरोध, काढते. तळावरील दाबामुळे येणारा रोध आणि ओल्या पृष्ठभागावरील घर्षण हे दोन घटक आलेखात वेगवेगळे दाखवले आहेत, ही सोय मला फार मोलाची वाटते. ट्रिम कमी केला की पहिला घटक घटतो, पण ओले क्षेत्रफळ वाढल्याने दुसरा चढतो, आणि त्यामुळे एकूण रोध साधारण ४ ते ५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी का असतो, हे शिकणाऱ्यालाही एका नजरेत कळते.

कॅटामरानच्या विभागात मात्र एकूण वजनाचे दोन भाग करून एका हलचा रोध काढला जातो आणि त्याची दुप्पट केली जाते. माझा आक्षेप येथेच आहे. समजा, प्रत्येक हलची रुंदी मूळ एकहली नौकेच्या निम्मी आहे. भार निम्मा झाला तरी भारगुणांक (रुंदीच्या मानाने भार किती हे सांगणारी संख्या) रुंदीच्या घनाने भागून येत असल्यामुळे तो चौपट होतो. असा अरुंद आणि भारलेला हल पाण्यात लांबवर भिजतो, आणि भिजलेल्या लांबीचे रुंदीशी गुणोत्तर सहज ४ च्या पुढे जाते, जी सावित्स्कींच्या सूत्रांची वरची मर्यादा आहे. ही मर्यादा ओलांडल्यावरही सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न देता उत्तर छापत राहते. चाचणीच्या आधारावाचून निघालेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला पाहिला, की नवा अभियंता त्यावर विश्वास ठेवून इंजिन निवडणार, हे उघड आहे.

दोन हलमधील अंतर भरण्यासाठी रकाना आहे, परंतु ती संख्या केवळ आडव्या स्थैर्याच्या गणनेत वापरली जाते आणि रोधावर तिचा काहीच परिणाम होत नाही. प्रत्यक्षात प्लेनिंगला पोहोचण्यापूर्वीच्या वेगात दोन्ही हलच्या लाटा बोगद्यात, म्हणजे दोन हलमधल्या मोकळ्या जागेत, एकमेकींना भेटतात आणि अंतर कमी असेल तर रोधाचा उंचवटा (प्लेनिंगला पोहोचण्यापूर्वी रोधाच्या आलेखात येणारा चढ) ठळकपणे वाढू शकतो. वेग वाढला की लाटांचा पंखा अरुंद होतो, लाटा ट्रान्समच्या (नौकेच्या सपाट मागील बाजूच्या) मागे जाऊन मिळू लागतात आणि हा परस्परप्रभाव ओसरतो. त्यामुळे सर्वोच्च वेगाचा अंदाज फारसा चुकला नाही, तरी पूर्ण भारासह नौका उंचवटा पार करील की नाही या प्रश्नाचे उत्तर चुकू शकते, आणि प्रवासी किंवा गस्ती नौकेच्या रचनाकाराला नेमके तेच हवे असते.

बोगद्यातील हवेचाही विचार केलेला नाही. हवेची घनता पाण्याच्या सुमारे ८०० पट कमी असली, तरी तिचे उत्थापन वेगाच्या वर्गाने वाढते. शर्यतीच्या बोगदा-नौकांमध्ये वजनाचा मोठा वाटा हवाच उचलते आणि नाक वर उठून नौका मागे उलटण्याचा धोकाही तिच्यामुळेच असतो. मध्यम वेगाच्या कामाच्या नौकांसाठी ही उणीव मी क्षम्य मानतो.

आलेखांची मांडणी, एककांची अदलाबदल आणि अहवाल छापण्याची सोय उत्तम आहे. एकहली नौकांसाठी हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. जुळ्या हलसाठी ते वापरायचे असेल, तर प्रत्येक वेगापुढचे भिजलेल्या लांबीचे गुणोत्तर स्वतः तपासावे, ४ च्या पुढची उत्तरे बाजूला ठेवावीत आणि उंचवट्याच्या वेगासाठी टँकमधील प्रतिकृती-चाचणीची तरतूद अंदाजपत्रकातच करावी.