इंडियन कानून की एससीसी ऑनलाइन?

आज कर्नाटकात असलेल्या खानापूर-निपाणीकडच्या जमिनीच्या दाव्यांत एक गोम असते. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे 1948 च्या मुंबई कुळकायद्यावरचे मुंबई हायकोर्टाचे जुने निवाडे आजही कामी येतात. त्यामुळे निवाड्यांचा शोध नुसता कर्नाटकापुरता ठेवून भागत नाही.

इंडियन कानून ही निवाडे शोधायची वेबसाइट मोफत. नुसतं ‘टेनन्सी’ (कुळवहिवाट) टाकलंत तर निकालांचा डोंगरच कोसळतो. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत घाला, कोर्ट निवडा, तारखेची मर्यादा द्या, की ढीग आवरतो. मग ‘साइटेड बाय’ बघायचंच. नंतर कुणी त्या निवाड्याचा उल्लेख केला ते कळतं. तो मानला की बाजूला सारला, हे मात्र स्वतः वाचून ठरवायचं.

एससीसी ऑनलाइन या तशाच दुसऱ्या वेबसाइटला वर्गणी पडते. तिथे संपादकांची हेडनोट, म्हणजे निवाड्याचा थोडक्यात सारांश, असते, निवाडा पुढे रद्दबातल ठरला का तेही दिसतं.

माझं म्हणाल तर पहिला शोध फुकटात, कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापुढे जाण्याआधीची खात्री एससीसीवर. वर्गणी परवडत नसेल तर सीनियरच्या ऑफिसात बसून. आणि हेडनोटवरच युक्तिवाद रेटू नका. न्यायाधीश परिच्छेद क्रमांक विचारतात.