ट्रान्सवेल इन्सर्ट (६.५ मि.मी., ५ मायक्रॉन छिद्रे): टी-पेशींच्या स्थलांतरासाठी घ्यावेत का?

लिम्फ नोडमध्ये टी-पेशी आणि डेंड्रिटिक पेशी या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना गाठतात त्या सीसीएल१९ आणि सीसीएल२१ या केमोकाइनच्या (पेशींना ओढून घेणाऱ्या प्रथिनांच्या) मागावर. दोघींकडे ती ओळखणारा सीसीआर७ हा रिसेप्टर असतो. ही ओढ प्रयोगशाळेत मोजायची तर ट्रान्सवेल इन्सर्ट, म्हणजे प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) बसणारा, तळाशी सच्छिद्र पडदा असलेला छोटा पेला, सर्वांत सोपा; १९६२ साली बॉयडन या संशोधकाने मांडलेल्या चेंबरचा हा आजचा अवतार. मात्र छिद्राचा आकार बघूनच मागवा. टी-पेशींना ५ मायक्रॉन योग्य, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना ३. ८ मायक्रॉनच्या पडद्यातून टी-पेशींसारख्या लिम्फोसाइट नुसत्या घरंगळूनही खाली जातात आणि आकडा फुगतो.

खालच्या वेलमध्ये केमोकाइन घातलेले ६०० मायक्रोलिटर माध्यम आधी भरा, मग इन्सर्ट तिरका धरून अलगद सोडा. पडद्याखाली बुडबुडा अडकला की तेवढा भाग बादच. वर १०० मायक्रोलिटरमध्ये ५ लाख पेशी, ३७ अंशांवर २ ते ३ तास. रात्रभर ठेवायचा मोह टाळा: तोवर वरची-खालची सांद्रता सारखी होत जाते, मग पेशींना दिशा उरत नाही. माध्यमात सीरमऐवजी ०.५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन हे प्रथिन) घाला. सीरममध्ये स्वतःचेच आकर्षक रेणू असतात. शिवाय बीएसए नसेल तर केमोकाइन प्लास्टिकला चिकटून वाया जाते. मात्राही एकच घेऊन भागत नाही. आलेख घंटेसारखा असतो, फार जास्त केमोकाइन घातले तर स्थलांतर उलट घटते.

खरी अडचण प्लेटमध्ये आहे. २४ वेलच्या प्लेटमध्ये इन्सर्ट १२च येतात. केमोकाइन नाही, फक्त खाली, आणि वर-खाली सारखे, असे तीन गट तिहेरी केले की ९ संपले; उरलेल्या ३ मध्ये एकच मात्रा किंवा एकच अवरोधक बसतो. तरीही वर-खाली सारखे असलेला गट गाळू नका. पेशी नुसत्या चळवळ्या झाल्या की खरोखर वासावर गेल्या, हे त्याच्याशिवाय कळतच नाही, आणि नेमका तोच गट लोक पैसे वाचवायला सोडतात. मोजणी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर), काउंटिंग बीड्स (ठाऊक संख्येचे सूक्ष्म मणी) घालून करा. सोबत इन्सर्टमधून न गाळलेल्या, तेवढ्याच पेशींचा एक वेलही मोजा, म्हणजे टक्केवारी काढता येते.

पॉलिकार्बोनेटचा पडदा पारदर्शक नाही, त्यामुळे पेशी वळतात कशा, थबकतात कुठे, हे दिसत नाही. तो प्रश्न असेल तर हे इन्सर्ट घेऊ नका. सूक्ष्मदर्शकाखाली चालणारी केमोटॅक्सिस (रसायनाच्या ओढीने होणारी हालचाल) स्लाइड घ्या. ‘किती पेशी गेल्या’ एवढेच हवे असेल, तर निःशंक घ्या.