घरच्या संगणकासाठी हार्ड डिस्क की एसएसडी?

सात-आठ वर्षांपूर्वीचा घरचा संगणक रेंगाळू लागला की नवा घेण्याचा विचार सुरू होतो. मात्र त्यात अजून हार्ड डिस्कच असेल, तर पत्रे लिहिणे, ब्राउझर, हिशेब आणि मुलांचा अभ्यास एवढ्या कामांना प्रोसेसर सहसा पुरेसा असतो; खोळंबा होतो तो हार्ड डिस्कपाशी.

हार्ड डिस्कमधील चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी हेडला (वाचणाऱ्या टोकाला) योग्य जागी सरकावे लागते आणि चकतीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. या साऱ्यात दरवेळी साधारण १० ते १५ मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली वाचल्या जात असल्यामुळे हाच विलंब साचत जातो. एसएसडी माहिती चिपांवर साठवते; तिच्यात फिरणारे काहीच नसते आणि तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होते. खरा फायदा हा आहे, जाहिरातीत ठळकपणे छापलेला वेग नव्हे.

त्या छापील वेगाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. एक मोठी फाइल सलग वाचताना हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या आसपास, साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या जोडणीवर चालणारी) ५५० एमबीपर्यंत, तर एनव्हीएमई एसएसडी (अधिक वेगवान, नव्या जोडणीची) ३५०० एमबी किंवा त्याहूनही अधिक वेग गाठते. आकडे पाहून एनव्हीएमईचा मोह होतो. परंतु हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर जो फरक जाणवतो, तसा पुढच्या पायरीवर घरगुती वापरात क्वचितच जाणवतो. व्हिडिओ संकलन करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

साठवणुकीच्या बाबतीत पारडे उलट फिरते. दर जीबीमागे हार्ड डिस्क बरीच स्वस्त पडते, आणि लग्नाचे चित्रण किंवा जुनी छायाचित्रे पाहायला तिचा वेग पुरतो. म्हणून डेस्कटॉप असल्यास ५०० जीबीच्या एसएसडीवर विंडोज ठेवून जुनी हार्ड डिस्क साठ्यासाठी तशीच जोडलेली ठेवावी, असे माझे मत आहे.

एसएसडी लवकर झिजते ही भीती मात्र अनाठायी आहे. ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना ३०० टीबी (सुमारे तीन लाख जीबी) लेखनाची हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी तेवढ्याला चाळीस वर्षे लागतील. खरा धोका वेगळा आहे: हार्ड डिस्क बऱ्याचदा कुरकुर करून आधी सूचना देते, एसएसडी अनेकदा अचानक बंद पडते आणि तीतून पुसली गेलेली माहिती परत मिळवणे फार अवघड असते. बॅकअप दोन्हींचा हवाच.

खरेदीपूर्वी मदरबोर्ड (संगणकातील मुख्य बोर्ड) पाहावा. जुन्या बोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवण्याची खाच) नसतो, आणि असला तरी त्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे माहितीपुस्तिकेतून तपासावे लागते. अडीच इंची साटा एसएसडीला ही अडचण सहसा येत नाही.

एक गोष्ट एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली वापरण्याची तयारी असेल तरच हा खर्च तिथे करावा. अर्थात साटा एसएसडी पुढे काढून नव्या डेस्कटॉपलाही जोडता येते.