स्पीकरची जागा बदलून दिली, पण ‘आधीचा आवाज’च बनावट होता

गाडीत गाणं लावलं की गाणारा समोर, डॅशबोर्डच्या मध्यावर असल्यासारखा वाटावा, एवढीच माझी अपेक्षा होती. माझ्या गाडीत तो गुडघ्याजवळच्या दारातून गायचा. कार ऑडिओच्या दुकानात हे सांगितल्यावर मालक हसला आणि म्हणाला, “साहेब, तुमचे स्पीकर चांगले आहेत हो. त्यांची जागा चुकलीय.”

या वाक्यामुळेच मी फसलो, कारण ते निम्मं खरं होतं. नवे स्पीकर गळ्यात मारणारा माणूस लगेच ओळखू येतो. जे आहे तेच नीट बसवून देतो म्हणणारा प्रामाणिक वाटतो.

त्यातला खरा भाग आधी सांगतो. तो कळला नाही तर खोटा कुठे सुरू झाला हे कळणार नाही. गाडीत आपण कधीच दोन स्पीकरच्या मध्यावर बसत नाही. समजा जवळच्या दारातला स्पीकर कानापासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि पलीकडचा १३० वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पलीकडचा सूर दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण कानाला ते पुरतं. हेल्मुट हासने १९४९ मध्ये आपल्या प्रबंधात हेच मांडलं होतं: एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे आला, तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेने सगळं येतंय असं आपल्याला वाटतं. पायाजवळ, डॅशखालच्या कोपऱ्यात स्पीकर बसवणारे लोक आहेत ते याचसाठी. तिथून दोन्ही बाजूंच्या अंतरांतला फरक कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावणं, ज्याला टाइम अलाइनमेंट म्हणतात.

दुकानदाराने मला जे ‘स्टेजिंग’, म्हणजे गायक समोर वाटावा अशी मांडणी, विकलं त्यात तीन कामं होती. ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, दारातून काढून काचेशेजारच्या पुढच्या पिलरवर न्यायचे, दारांना आतून पत्र्याची थरथर दाबणाऱ्या डॅम्पिंगच्या शीट लावायच्या आणि डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारा डबा, बसवून ट्यूनिंग करायचं. शिवाय दारातले स्पीकर रिंग लावून दोन बोटं बाहेर काढायचे, “म्हणजे बेस कानाजवळ येतो”. या शेवटच्या वाक्यावर पुढे बोलतो.

काम सुरू करण्याआधी त्याने दाराचं पॅनेल उघडून ‘साइज’ बघितली, प्लेअरमध्ये जरा खुडबुड केली आणि मला आत बसवून म्हणाला, “आता ऐका, तुम्ही रोज काय ऐकता ते.” आवाज भयंकर होता. बेस गायब, गायक एकाच वेळी सगळीकडे आणि कुठेच नाही, असा पोकळ. मी म्हटलं, माझी गाडी इतकी वाईट वाजत नाही. त्याचं उत्तर तयार होतं: “आजवर लक्ष देऊन ऐकलं नव्हतंत, साहेब. आता कान तयार झाले.”

संध्याकाळी तेच गाणं लागलं. बेस भरदार, गायक बरोबर समोर. लॅपटॉपवर हिरव्या रेषा नाचत होत्या आणि सीटखालच्या डीएसपीच्या डब्यावर निळा दिवा लुकलुकत होता. मी पैसे दिले.

पुढे एका दाराची काच खाली जाताना अडकायला लागली. दुसऱ्या, ओळखीच्या मेकॅनिकने पॅनेल उघडलं आणि मला हाक मारली. काच स्पीकरच्या चुंबकाला घासत होती, म्हणजे बाहेर काढणारी रिंग लावलीच नव्हती. डॅम्पिंग शीटचा तळहाताएवढा तुकडा बरोबर स्पीकरच्या मागे चिकटवलेला, बाकी पत्रा कोरा. आतल्या पत्र्याला असलेली मोठी भोकं उघडीच. निळ्या दिव्याच्या डब्याला करंट देणारी आणि अर्थिंगची अशा दोनच तारा होत्या. आवाज आत नेणारी नाही, बाहेर आणणारी नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्पीकरच्या तारेवरच्या जोडांनी. जवळच्या दारातल्या तारा कापून दोनदा जोडलेल्या होत्या, थोड्याथोड्या अंतरावर. एका जोडात रंग उलटसुलट आणि पुढच्या जोडात पुन्हा उलट, म्हणजे शेवटी सरळ. मेकॅनिक म्हणाला, “आधी उलटं केलं, मग नीट केलं. उगाच कशाला कोण करेल?”

उगाच नव्हतंच ते. दोनपैकी एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटा केला की एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मध्यावरचा गायक विरघळतो. मला ‘रोजचा आवाज’ म्हणून ऐकवलेला पोकळपणा तो हाच. त्यात भर म्हणून फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग, मागे आणि आवाज थोडा कमी. संध्याकाळी फक्त सगळं होतं तसं केलं आणि आवाज वाढवला. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा तो चांगला वाटतो. दुकानात कोणीही हे मोजून दाखवत नाही.

आणि गायक समोर कसा आला? माझ्याच प्लेअरच्या मेनूत टाइम अलाइनमेंट होती. त्याने जवळच्या बाजूला उशीर लावून ठेवला होता. ते काम त्याने बरोबर केलं, हे मान्य करायला हवं. पण ते मेनूत आकडा भरण्याचं काम होतं आणि मला डब्याच्या भावाने विकलं गेलं.

आता रिंग आणि बेस. ८० हर्ट्झच्या सुराची एक लाट ४ मीटरहून लांब असते. स्पीकर दोन बोटं पुढे आणल्याने तिला काही फरक पडत नाही. दारात बेस बुडतो तो वेगळ्या कारणाने: पडद्याच्या मागची हवा दारातल्या भोकांमधून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला मारते. म्हणून भोकं बंद करणं आणि स्पीकर पत्र्याला घट्ट बसणं महत्त्वाचं. रिंगचा उपयोग असतो तो घट्ट बसवायला आणि काच वाचवायला. जे काम खरंच उपयोगी होतं, तेच त्याने गाळलं.

ट्वीटरचंही असंच. पिलरवर नेल्याने आवाज वर उचलल्यासारखा वाटतो, हे खरं. पण जवळचा ट्वीटर कानाच्या आणखी जवळ येतो आणि दोन बाजूंतला फरक उलट टोचायला लागतो. ३ ते १० किलोहर्ट्झच्या लाटा ११ ते साडेतीन सेंटिमीटरच्या असतात, त्यामुळे काचेवरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळून काही सूर खातो, काही फुगवतो. तिथे ट्वीटर कोणत्या दिशेला बघतो यावर बरंच अवलंबून असतं. पक्कं बसवण्याआधी दुहेरी टेपने चिकटवून, वळवून, बसल्या जागी ऐकायचं असतं. माझ्याकडे थेट ड्रिल चालवली.

हे सगळं तपासायला यंत्रं लागत नाहीत. बेस असलेलं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज येणारं, गाणं लावा, बॅलन्स मध्यावर ठेवा, मग पूर्ण एका बाजूला फिरवा. एक बाजू बंद केल्यावर बेस उलट वाढला, तर कुठेतरी तारा उलट्या आहेत. दुकानात ‘आधी’ ऐकवत असतील तेव्हाही हे करा आणि बॅलन्स, फेडर, इक्वलायझर स्वतः मध्यावर आणा. त्याहून बरं म्हणजे पॅनेल उघडण्याआधी, तुमच्याच सेटिंगवर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. फोन सीटच्या डोकेउशीला टेकवून, नंतरही तिथेच. फोनमधला आवाजमापक अचूक नसला तरी दोन वेळचा आवाज सारखा आहे की नाही एवढं सांगतो.

डॅम्पिंगचे पैसे देण्याआधी पॅनेल उघडं असतानाचे फोटो मागा. डीएसपी लावला असेल तर त्याच्या आउटपुटची एक तार तुमच्यासमोर काढायला सांगा. तो स्पीकर गप्प व्हायला हवा. गाणं तसंच चालू राहिलं तर तो डबा शोभेचा आहे. आणि प्लेअरवर ५० गुणिले ४ वॉट लिहिलंय म्हणून कोणी हुरळवत असेल, तर तो आकडा इंजिन चालू असतानाचे १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर धरून काढलेला कमाल हिशेब असतो. स्वच्छ आवाजात त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतात.

दुकानात परत गेलो तेव्हा मालकाचा एकच प्रश्न होता: “पण साहेब, आवाज आवडला होता ना तुम्हाला?” जोडांचे फोटो दाखवल्यावर डब्याचे आणि डॅम्पिंगचे पैसे परत मिळाले. मजुरीचे नाही.

ट्वीटर मी काढून पुन्हा दारात लावले, त्याचं कारण आवाज नव्हतं. माझ्या गाडीत कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी, छताच्या कडेने येऊन त्याच पिलरच्या आत संपते. त्याने ट्वीटरची तार तिच्यावरूनच ओढून बांधली होती आणि कव्हर लांब स्क्रूने आवळलं होतं. एअरबॅग उघडायची वेळ आली असती तर ते कव्हर सुटलं नसतं, किंवा ट्वीटर तोंडावर आला असता. तुमच्या पिलरवर किंवा छताच्या कडेला ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ असं कोरलेलं असेल, तर तिथे कोणालाही ड्रिल लावू देऊ नका. मला दोन्ही बाजूंची कव्हरं नवी घ्यावी लागली आणि एअरबॅगची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावी लागली, तीही स्वतःच्या खर्चाने.